सोमल, राजा आणि मोहोरबंद पेटी

मंडळी, सोमल म्हणजे आर्सेनिकचं विष. त्याला वास नाही आणि चवही जवळजवळ नाही. रस्स्यात पडला तर खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग ओकाऱ्या, जुलाब. वैद्य म्हणणार, पोट बिघडलंय. सोमल खात्रीनं ओळखण्याची मार्शची चाचणी आली ती 1836 मध्ये. म्हणजे आज ज्या फ्रान्सबद्दल बोलतोय तिथे, चौदाव्या लुईच्या काळात, विष सापडायचं ते माणसाच्या बोलण्यातच.

सुरुवात एका पेटीपासून झाली. 1672 मध्ये सांत-क्रुआ नावाचा कर्जबाजारी अधिकारी मेला. त्याच्या सामानात विषं निघाली, आणि त्याची प्रेयसी मार्कीझ द ब्रँव्हिलिए हिची पत्रंही. बाईनं वडिलांना आणि दोन भावांना विष घातलं होतं. का, तर इस्टेटीसाठी. तेव्हा पॅरिसमध्ये अशा विषाला ‘वारशाची पूड’च म्हणत! 1676 मध्ये तिचं मुंडकं उडवलं.

पण संशयाचं भूत काही उतरेना. पोलीसप्रमुख ला रेनीनं 1679 मध्ये ला व्हाझँ या भविष्य सांगणाऱ्या बाईला धरलं. तिच्याकडे सरदारांच्या बायका आधी हात दाखवायला यायच्या, मग वशीकरणाची पुडी मागायच्या. काहींना नवराच नकोसा झालेला असायचा. राजानं खास न्यायालय बसवलं. 1680 च्या फेब्रुवारीत ला व्हाझँला भर चौकात जाळलं.

खरी गंमत यानंतरची. ला व्हाझँच्या मुलीनं तोंड उघडलं आणि नाव घेतलं मादाम द मोंतेस्पाँचं: म्हणे तिनं वशीकरणाच्या पुड्या नेल्या, आणि राजाला विष घालायचाही बेत केला. राजाची लाडकी, त्याच्या सात मुलांची आई! मला विचाराल तर तिनं वशीकरणाच्या पुड्या घेतल्या असतील, पण स्वतःचा पोशिंदा मारायला ती खुळी नव्हती. राजा मात्र हादरला. खटला चालवावा तर ते नाव न्यायालयात येणार. मग ज्यांनी ते नाव घेतलं, त्यांच्यावर खटलाच नाही! त्यांना दूरदूरच्या किल्ल्यांत भिंतीला साखळदंडानं जखडून जन्मभर ठेवलं. 36 जणांना देहदंड झाला. किल्ल्यांत जखडलेले हे मात्र वाचले, कारण त्यांना राजाबद्दल फार ठाऊक होतं. वाचले म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

1682 मध्ये न्यायालय गुंडाळलं आणि फर्मान निघालं: सोमल विकणाऱ्यानं वही ठेवायची, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा. मोंतेस्पाँ पुढेही कित्येक वर्षं दरबारात होती.

तिच्याविरुद्धच्या जबान्या राजानं एका मोहोरबंद पेटीत ठेवल्या होत्या. 1709 मध्ये ला रेनी वारला. महिन्याभरात राजानं ती पेटी मागवली आणि कागद एकेक करून आगीत घातले. ला रेनीनं मात्र चौकशीच्या वेळी स्वतःसाठी टिपणं काढून ठेवली होती. ती कुणी मागितली नाहीत. आज मी तुम्हाला हे सांगू शकतोय ते त्या टिपणांच्या जिवावर.