एका तुकडीचे शिक्षण

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे दोन वर्षांची, तुलनेने कमी फीची आणि बहुतेक ठिकाणी सर्वांना प्रवेश देणारी असतात. मात्र शालेय अभ्यास कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्याला तेथे अनेक वर्षे आधी इंग्रजीच्या किंवा गणिताच्या उजळणी वर्गात बसवले जाई. या वर्गांची फी भरावी लागे, पण पदवीसाठी लागणारे श्रेयांक (क्रेडिट) त्यांतून सहसा मिळत नसत, आणि नोकरी सांभाळून शिकणारी कितीतरी मुले याच टप्प्यावर कॉलेज सोडून देत.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजने यावर योजलेल्या उपायाची पाहणी एमडीआरसी या संशोधन संस्थेने 2003 पासून केली. सुमारे 1,500 नवे विद्यार्थी सोडत काढावी तसे दोन गटांत विभागण्यात आले. त्यांपैकी एका गटातील विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त पंचवीस जणांच्या तुकड्यांत बसवून इंग्रजी, मानसशास्त्रासारखा एखादा मुख्य विषय आणि कॉलेजची ओळख करून देणारा छोटा अभ्यासक्रम असे तिन्ही वर्ग एकत्र देण्यात आले. पुस्तकांसाठी पहिल्या सत्रात 150 डॉलरही मिळत; तेथील पाठ्यपुस्तकांच्या किमती पाहता ही मदत किरकोळ म्हणता येणार नाही.

या योजनेचा कस लागतो तो शिक्षकांच्या बैठकीत. मानसशास्त्राच्या तासाला स्मरणशक्तीवरचे प्रकरण झाले, की त्याच विषयावरचा निबंध इंग्रजीच्या तासाला लिहायचा, तेथे तो दुरुस्त करून घ्यायचा आणि मग दोन्हीकडे दाखवायचा, असे जमले तर विद्यार्थ्याला व्याकरण कशासाठी शिकतो आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यासाठी दोन प्राध्यापकांना सत्रापूर्वी एकत्र बसून अभ्यासक्रम जुळवावा लागतो आणि त्या वेळेचा मोबदला कॉलेजला द्यावा लागतो. खर्च वाचवण्यासाठी नुसते वेळापत्रक जुळवले, तर मुलांना ओळखीचे चेहरे मिळतात, पण विषय मात्र सुटे ते सुटेच राहतात.

किंग्जबरोच्या तुकड्यांतील विद्यार्थी दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्या सत्रात अधिक विषय उत्तीर्ण झाले आणि इंग्रजीच्या उजळणीतून लवकर बाहेर पडले. पुढे आणखी काही कॉलेजांत उजळणी वर्गांना जोडून असेच प्रयोग झाले, तेव्हा संबंधित विषयात सरासरी सुमारे अर्ध्या श्रेयांकाचीच भर पडली आणि कॉलेजात टिकून राहण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण आधार एका सत्राचा होता आणि फी, प्रवासखर्च, घरची जबाबदारी या अडचणी त्यानंतरही चालूच होत्या.

न्यूयॉर्कच्याच सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये सुरू केलेल्या 'एएसएपी' (दोन वर्षांची पदवी वेगाने पूर्ण करण्यासाठीच्या) योजनेत एकत्रित वर्ग हा अनेक सोयींपैकी एक होता. फीमधली उरलेली रक्कम, पुस्तके आणि स्वतंत्र सल्लागार ही मदत तीन वर्षांपर्यंत मिळे, तर मेट्रोचा मासिक पास योजनेच्या अटी पाळणाऱ्यालाच दिला जाई. उजळणीची गरज असलेल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण या योजनेत 40 टक्के, तर बाहेर राहिलेल्यांत 22 टक्के आढळले.