पाण्यातला तो रंग वेगाचा नाही!

नमस्कार मंडळी! लेझर शीटच्या व्हिडिओखाली, पाण्यातल्या रंगीबेरंगी कणांच्या फोटोंबद्दल परत तोच प्रश्न: "दादा, लाल म्हणजे पाणी जोरात आणि निळं म्हणजे हळू ना?" नाही हो! आज हे एकदाचं मिटवून टाकू.

बेसिक पटकन. पाण्यात केसाहून बारीक कण सोडायचे, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरची पातळ शीट, म्हणजे प्रकाशाचा पातळ पडदा, पाडायची आणि लागोपाठ दोन फोटो काढायचे. कण सरकला तेवढं अंतर भागिले मधला वेळ, झाला वेग. हे पीआयव्ही, म्हणजे पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री: कणांच्या फोटोंवरून वेग मोजणं. पण कण शीटच्या पुढे-मागे गेला की गायब!

म्हणून सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठात वोल्फगांग हायड्रिश यांच्या गटानं २०१७ साली रेनबो पीआयव्ही मांडलं. टाकीत सगळं इंद्रधनुष्यच पाडलं, कॅमेऱ्यापासून आत जाल तसा रंग बदलतो. (आणि हो, तिथे लेझर नाही, पांढरा प्रकाश फिल्टरमधून सोडलाय. कमेंट टाइप करायला घेतली असेल तर थांबा.)

तर रंग म्हणजे कण कॅमेऱ्यापासून किती आत आहे ते. पाणी अगदी स्थिर ठेवा, तरी सगळे रंग दिसणारच. मग वेग कुठला? दुसरं, एखादा कण हिरव्यातल्या हिरव्यात आडवा सुसाट पळाला, तरी हिरवाच राहील. आणि एखादा रमतगमत कॅमेऱ्याकडे आला, तर तोच रंग बदलेल. पटलं? गोंधळ होतो तो कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनच्या चित्रांमुळे. तिथे लाल म्हणजे जोरात असंच रंगवतात, आणि ते डोक्यात बसलंय.

मला मात्र खरी मजा लेन्सची वाटते. एकच कॅमेरा, मग जवळचे आणि लांबचे कण एकदम शार्प कसे? प्रत्येक रंग वेगळ्या अंतरावर फोकस होणं हा लेन्सचा दोष, तो घालवायला फोटोग्राफर पैसे मोजतात. यांनी डिफ्रॅक्टिव्ह लेन्स (बारीक नक्षीनं प्रकाश वळवणारी) लावून तो मुद्दाम वाढवला! ज्या खोलीवर जो रंग, तिथेच त्याचा फोकस.

तरी कण किती खोल आहे हे आडव्या मापाइतकं नेमकं मिळत नाहीच. तिथे गणित मदतीला येतं: पाणी दाबून कमी होत नाही, म्हणजे एका बाजूनं जितकं आत आलं तितकं दुसरीकडून बाहेर जायलाच हवं. या अटीत न बसणारे वेग बाद.

घरी लेझर शीट पाडायला हिरवं लेझर पेन आणि काचेची कांडी घेऊन बसणाऱ्यांनो, ते काचेवरून परत डोळ्यात येतं. स्वस्त पेनातून न दिसणारं इन्फ्रारेडही निघू शकतं. नका करू.