मोडल्यासारखा पंख

'जोडेल' हे छोटं फ्रेंच विमान आधी समोरून बघा. पंखाचा मधला भाग अगदी सरळ, जमिनीला समांतर. टोकं मात्र वर वळलेली, जणू कुणी धरून मोडलीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याला अपघात झालाय. पण या विमानाची सगळी हुशारी त्या वळणातच आहे.

बोन हे फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातलं, द्राक्षमळ्यांमधलं गाव. एदुआर जोली आणि त्यांचे जावई जाँ देलेमोंतेझ इथलेच विमानकर्ते. दोघांच्या आडनावांतून नाव तयार झालं, 'जोडेल'. आपल्या मराठी कानाला त्यात 'जोड' ऐकू येते, आणि मला ती आवडते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या फ्रान्समध्ये हौशी उड्डाण बंदच होतं. युद्ध संपलं, उड्डाण क्लब पुन्हा उघडले, पण खिशात पैसे नव्हते. जानेवारी १९४८ मध्ये सासरे-जावयांचं एकआसनी 'बेबे' उडालं, अवघ्या २५ अश्वशक्तीवर. ते पाहून सरकारनं दोन आसनांचं, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं विमान मागितलं. १९५० मध्ये डी ११ हवेत होतं. पुढे त्याच सांगाड्यावर ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन बसलं आणि क्लबांचं लाडकं डी ११२ आलं.

आता पंखाजवळ या. बोटानं टिचकी मारा. ढोलकीसारखा आवाज येतो ना? लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बसवलंय, वर डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या लेपाचे, हात. आत एकच लांब लाकडी तुळई, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही वैमानिक शेजारी शेजारी बसतात आणि ही तुळई त्यांच्या पायांखालून जाते.

मधल्या भागात पंखाची रुंदी सारखीच, त्यामुळे तिथल्या फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या, एकाच मापाच्या. एक साचा केला की सुतार एकामागून एक फासळी काढत बसतो. पण पूर्ण सपाट पंखाचं विमान एका बाजूला कललं, तर आपणहून सावरायला आळशी. म्हणून टोकं सुमारे १४ अंशांनी वर उचलली. विमान कललं की ते खालच्या बाजूला घसरू लागतं. मग त्या बाजूनं येणारा वारा खालच्या पंखाच्या उचललेल्या टोकाला खालून जास्त लागतो आणि कललेला पंख वर येतो. बांधायला सोपं आणि उडवायला शहाणं, दोन्ही एका वळणात साधलं! कागदावर हे सुचणं वेगळं, आणि सुताराच्या हाताला झेपेल असं सुचणं वेगळं.

कारखान्यांनी ही विमानं बांधली, तशी हौशी माणसांनीही नकाशे घेऊन घरी बांधली. या घराण्याची तीन हजारांहून अधिक विमानं झाली.

१९५७ मध्ये जवळच्याच दिजाँला पिएर रोबाँ यांनी विमानांचा कारखाना काढला आणि देलेमोंतेझ त्यांना जाऊन मिळाले. तिथून आलेलं चार आसनी डीआर ४०० आजही फ्रान्सच्या क्लबांमधून उडतं. धावपट्टीवर उतरायला समोरून येतं, तेव्हा नाव वाचायची गरज पडत नाही. टोकं वर वळलेली असतात.