काट्यावरचे वजन आणि चाकातले वजन

(जळगाव येथे गॅरेजमधील कारागीर, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि हौशी चालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, समोरच्या टेबलावर एक अलॉय चाक मी मुद्दाम पालथे ठेवले आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ. आजचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला गॅरेजमध्ये उभ्या उभ्या विचारलेला आहे. गाडी एकच आहे. तीच रोज पाचोऱ्याला किंवा चोपड्याला कामावर न्यायची आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर वेळ मोजून होणाऱ्या शर्यतीच्या) मैदानात किंवा ट्रॅकवर उतरवायची आहे. अशा गाडीला हलकी चाके घ्यायची तर कोणती घ्यावीत? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो आणि मग कारणे देतो. चाकाचा व्यास वाढवू नका. गाडीला मुळात 15 इंची चाक असेल तर 15 इंचीच घ्या आणि हातातले पैसे चाकाच्या घडणीवर खर्च करा.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या हॅचबॅकची जुनी लोखंडी रिम आणि तिच्या जागी घेतलेले 16 इंची अलॉय एका भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवले होते. अलॉय हलके भरणार, हे मी धरूनच चाललो होतो. काट्याने ते जवळपास एक किलोने जड दाखवले. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा हलके आहे हे खरे, परंतु त्या मानाने ते कमी ताकदीचेही आहे. त्यामुळे स्वस्त ओतीव चाकात धातू जाड ठेवावा लागतो आणि व्यास वाढला की त्यात आणखी भर पडते. तेव्हापासून चाकाचे वजन स्वतः केल्याशिवाय मी खरेदी करत नाही, आणि आपणही करू नये.

आता हलकेपणाचा फायदा नेमका किती, ते प्रामाणिकपणे पाहू. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. फिरणाऱ्या वस्तूला वेग देताना इंजिनाला तिला पुढेही न्यावे लागते आणि गरगर फिरवावेही लागते, म्हणून तिचे वजन वाढल्यासारखे भासते. पण किती वाढल्यासारखे, हे ते वजन आसापासून किती दूर आहे यावर ठरते. 15 इंची चाकाची कडा मध्यापासून सुमारे 19 सेंटीमीटरवर असते आणि टायरची बाहेरची त्रिज्या सुमारे 31 सेंटीमीटर असते. 19 ला 31 ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला तर 0.38 येतो, म्हणजे रिमच्या कडेवरचा एक किलो वेग घेताना 1.38 किलोसारखा वागतो. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीजवळचा एक किलो मात्र जवळजवळ दोन किलोसारखा वागतो, आणि मध्यभागी नटांच्या भोवती असलेला एक किलो एकाहून फारसा वेगळा नसतो. याचा अर्थ असा की 10 किलोंची बचत चारही चाकांच्या कडेवर केली, तरी गाडीतून 14 किलो उतरवल्याइतकाच फायदा सरळ रस्त्यावर मिळेल. 900 किलोंच्या गाडीला हा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. जड टायर बसवला तर ही कमाई तिथल्या तिथे संपते, म्हणून टायरचेही वजन करावे.

मग हलके चाक घ्यायचेच कशाला? खरा फायदा स्प्रिंगच्या खाली आहे. चाक, टायर, हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), ब्रेक आणि चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मचा काही भाग मिळून लहान गाडीच्या एका कोपऱ्यात साधारण तीस किलो वजन स्प्रिंगच्या खाली लोंबते. त्यातले अडीच किलो कमी झाले, तर ती आठ टक्क्यांची घट आहे. खड्ड्याच्या काठावर आदळून चाक वर उडते, तेव्हा त्याला पुन्हा जमिनीवर दाबण्याचे काम स्प्रिंग आणि शॉकअप करतात. चाक जितके हलके, तितके ते लवकर खाली येते, आणि जमिनीला टेकलेला टायरच ब्रेक लावू शकतो व वळू शकतो. ऑटोक्रॉसच्या उखडलेल्या मैदानात जो फरक जाणवतो तो हा आहे, आणि तोच पावसाळ्यात काळ्या मातीवर खचलेल्या आपल्या रस्त्यांवरही जाणवतो.

व्यासाचा मुद्दा इथेच येतो. 185/65 आर 15 आणि 195/55 आर 16 या दोन मापांच्या टायरांची एकूण उंची जवळपास सारखी, सुमारे 621 मिलिमीटर आहे, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि दुकानदार हे माप निर्धास्तपणे पुढे करतो. पण पहिल्याची साईडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, 120 मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याची 107. हे 13 मिलिमीटर म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामधली रबराची आणि हवेची उशी होती. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दुसऱ्या गाडीच्या मागे असताना समोरचा खड्डा शेवटच्या क्षणी दिसतो. त्या वेळी तीच उशी चाक वाचवते.

घडणीचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला साधा ओतीव. साच्यात वितळलेला धातू ओततात. दुसरा फ्लो फॉर्मिंगचा. आपल्या घरच्या बाया खापरावरची पुरणपोळी हातावर फिरवत फिरवत पातळ आणि मोठी करतात, ते आठवा. यात ओतलेले चाक तापवून फिरवतात आणि रोलर दाबून त्याची नळी, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो गोल पट्टा, ताणतात. धातूचे कण दाबले जाऊन लांबट होतात, त्यामुळे नळी पातळ असूनही चिवट राहते. वजन कडेवरच कमी होते, जिथे ते कमी व्हायला हवे. तिसरा प्रकार फोर्ज्ड. त्यात घन अॅल्युमिनियम प्रचंड दाबाखाली घडवून मग मशीनवर कोरतात. जपानच्या रेज कंपनीने 1996 मध्ये आणलेल्या टीई37 या फोर्ज्ड चाकाच्या नावातला 37 हा आकडा 15 इंची, 6 इंच रुंद मापाच्या 3.7 किलो वजनावरून आला आहे. ते चाक उत्तमच आहे, परंतु रोजच्या गाडीसाठी तशा चार चाकांच्या किमतीत फ्लो फॉर्मिंगची चार चाके, चांगले टायर आणि वर्षभराचे प्रवेशशुल्क भागते. माझा कौल दुसऱ्या प्रकाराला आहे. नामवंत चाकांच्या स्वस्त नकला मात्र हातातही घेऊ नयेत.

चाक उलटे करून मागचा मजकूर वाचायची सवय लावा. तिथे भारक्षमता किलोमध्ये कोरलेली असते. गाडीच्या पुढच्या अॅक्सलवर 760 किलो भार मान्य असेल, तर प्रत्येक चाक किमान 380 किलोंचे हवे. याहून थोडे अधिक असलेले उत्तम. जपानी मानकाचे जेडब्ल्यूएल किंवा आपले आयएसआय चिन्ह शोधा. स्विफ्टचा पीसीडी, म्हणजे नटांची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचे माप, 4×100 आहे (100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार छिद्रे) आणि मधले छिद्र 54.1 मिलिमीटर. बाजारातल्या चाकाचे छिद्र मोठे असेल, तर अॅल्युमिनियमची योग्य मापाची रिंग घाला. ट्रॅकवर ब्रेक तापले की प्लॅस्टिकची रिंग मऊ पडते. दोन पीसीडींसाठी आठ छिद्रे पाडलेली चाके मी स्वतः टाळतो. ऑफसेट, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बैठकीचे अंतर, मूळ मापापासून पाच-सात मिलिमीटरहून अधिक ढळू देऊ नका, नाहीतर बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि टायर मडगार्डला घासतो. जुने नट नव्या चाकाच्या बैठकीला जुळतात का, हे पाहूनच टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळा आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा. नाशिकला राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तिथे किंवा इतरत्र भाग घ्यायचा असेल, तर आपल्या गटात कोणते माप चालते हे नियमावलीत वाचून मगच खरेदी करावी. बदललेल्या चाकांची माहिती विमा कंपनीला द्यावी. आणि शर्यत ही बंद ट्रॅकवरच. आपल्या महामार्गावर आणि घाटात ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि शाळेतून घरी निघालेली मुले असतात.

आता हे पालथे चाक. हे माझेच आहे. एरंडोलच्या अलीकडे एका खड्ड्यात ते आदळले. बाहेरून ओरखडाही दिसला नाही, आणि एका ठिकाणी मला 'फक्त बॅलन्सिंग करा' असे सांगून परत पाठवले. मी तसेच महिनाभर चालवले. रोज सकाळी टायरची हवा तीन-चार पीएसआयने कमी भरत होती. शेवटी गाडी जॅकवर घेतली, शॉकअपच्या खांबाला खडू टेकवून चाक हाताने फिरवले, तेव्हा आतल्या कडेवर एकाच जागी खडूची रेघ उमटली. तिथे साबणाचे पाणी लावल्यावर बारीक बुडबुडे आले. ती भेग वेल्डिंगने भरून देणारे लोक आहेत, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ होतो आणि पुढची भेग त्याच्या शेजारी उठते, म्हणून हे चाक मी गाडीवर परत चढवले नाही. प्रत्येक स्पर्धेहून परतल्यावर चारही चाके अशी फिरवून पाहायला अर्धा तास लागतो. आता एकेकाने पुढे या आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. भेग डोळ्याला दिसण्याआधी नखाला लागते.