आवाज कुठून आला?

अंधाऱ्या चित्रपटगृहात आपल्या पाठीमागे, उजव्या खांद्याच्या जरा वर, कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज येतो आणि तिथे स्पीकरच आहे हे पक्के ठाऊक असूनही आपली मान वळते. उजवीकडचा आवाज उजव्या कानापर्यंत आधी पोहोचतो आणि डाव्या कानापर्यंत किंचित उशिरा, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी अंतराने. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो, तर आवाज वरून आला की खालून हे त्याला बाह्यकर्णाच्या वळणांमुळे कळते. पाठीमागचे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिथली राखण कानांनीच करायची असते.

२०१२ साली चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉस या ध्वनितंत्राने नेमका याच राखणीचा उपयोग करून घेतला. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीलाच डॉल्बी म्हणायची सवय पडल्यामुळे हे नाव ऐकताच छातीत घुमणारा दणदणाट आठवतो. या तंत्राचे मोल मात्र आवाज वाढवण्यात नसून त्याला जागा देण्यात आहे. आधीच्या ५.१ पद्धतीत, म्हणजे पाच मुख्य ध्वनिमार्ग आणि एक खर्जाचा अशा रचनेत, एका बाजूच्या भिंतीवरचे सगळे स्पीकर एकच आवाज एकदम देत असत. अ‍ॅटमॉसमध्ये एकेका आवाजासोबत त्याच्या जागेची नोंद साठवलेली असते आणि तो कोणत्या स्पीकरमधून, किती प्रमाणात द्यायचा याचा हिशेब त्या त्या चित्रपटगृहातली यंत्रणा करते. एका वेळी एकूण १२८ ध्वनिमार्ग हाताळता येतात आणि छतावरच्या स्पीकरांसह ६४ पर्यंत स्वतंत्र जोडण्यांमधून ते ऐकवता येतात.

या सामर्थ्याचा सर्वांत संयमी वापर दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांच्या २०१३ सालच्या ‘ग्रॅव्हिटी’ या चित्रपटात झाला, असे मला मनापासून वाटते. अवकाशात हवा नाही, म्हणून तिथे आवाजही नाही, हे सत्य ध्वनिसंकलक ग्लेन फ्रीमँटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटपर्यंत पाळले. हबल दुर्बिणीची दुरुस्ती करणाऱ्या, चित्रपटाची नायिका असलेल्या अंतराळवीर रायन स्टोनच्या हातातले अवजार आपल्याला ऐकू येते ते हातमोज्यातून अंगात शिरणाऱ्या दबक्या कंपनासारखे. पुढे अवकाशातला कचरा यानाच्या चिंधड्या उडवतो, पण त्या आघाताचा आवाज होत नाही. उरते ते फक्त संगीत, रेडिओवरचे बोलणे आणि तिची धाप.

संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच ऐकवायचे, हा जुना संकेतही इथे मोडला आहे. रायन गरगरत दूर जाऊ लागली की तिचा आवाज पडदा सोडून भिंतीवरून मागे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो. कॅमेरा तिच्या शिरस्त्राणात शिरला की तोच श्वास कोंदट होऊन आपल्या कानाशी येतो. आधाराला धरावी अशी एकही दिशा प्रेक्षकाकडे उरत नाही, आणि तिची भीती त्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

बऱ्याच वेळाने ती अवकाशस्थानकाच्या दाबकक्षात शिरते. दार बंद होते, कक्षात हवा भरू लागते आणि त्या हवेबरोबर आवाजही परततो, आधी अगदी पुसट, मग हळूहळू चढत. त्या क्षणी चित्रपटगृहातही कितीतरी जण रोखून धरलेला श्वास सोडतात.