गणेशखिंडीतलं अंदाजपत्रक

[दृश्य : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, मनोऱ्यावरून हळूहळू खाली येणारा कॅमेरा]

निवेदन :

पुण्याच्या गणेशखिंडीतली ही इमारत मुळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी बांधलेली. १८६४ साली काम निघालं आणि १८७१ साली पुरं झालं. काम निघालं तेव्हा सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा खेळत होता. १८६५ साली युद्ध संपलं, तेजी ओसरली, बांधकाम मात्र चालूच राहिलं. खर्च इतका वाढला की त्यावर थेट इंग्लंडमध्ये टीका झाली.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरचा हा बंगला विद्यार्थ्यांचा झाला. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आज ४११ एकरांच्या या परिसरात दर मार्च महिन्यात एक जाड पुस्तिका अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, सदस्यांच्या हाती पडते. विद्यापीठाचं वार्षिक अंदाजपत्रक.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एकूण आकडा छापून येतो, तूट किती ते छापून येतं, एखाद्या नव्या योजनेचं नाव येतं. तिथे चर्चा थांबते. आम्हाला या पुस्तिकेच्या आत जायचं आहे, कारण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या लाखो मुलांच्या शिक्षणाचं काय होणार, हे तिथे लिहिलेलं असतं.

[दृश्य : पुस्तिकेचं एक पान, बोट एकेका रकान्यावरून सरकतं]

हे पान बघा. डावीकडे लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कशासाठी ठेवला त्याचं नाव. त्यापुढे रकाने. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला. चालू वर्षासाठी मूळ तरतूद किती होती. मग सुधारित अंदाज. आणि शेवटी येत्या वर्षाची तरतूद.

बहुतेकांची नजर शेवटच्या रकान्यावर जाते. आमचं म्हणणं असं की आधी पहिला वाचावा. तरतूद हा इरादा असतो. त्या इराद्याचं काय झालं, ते प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात कळतं. विद्यार्थ्यांच्या एखाद्या योजनेला भरघोस तरतूद झाली, सुधारित अंदाजात ती निम्म्यावर आली आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी खर्चली गेली, तर ती योजना जाहीर झाली एवढंच खरं. ती मुलांपर्यंत पोचली नाही.

तुटीचंही तसंच. गेल्या काही वर्षांत इथे अनेकदा तुटीचं अंदाजपत्रक मांडलं गेलं. पण जागा भरल्या नाहीत, बांधकामं रेंगाळली, खरेदी पुढे ढकलली, की कागदावरची तूट वर्षाअखेरीस आपोआप आटते. आणि तूट आटली म्हणून समाधान मानावं, तर ती कुणाच्या वाट्याचं काम न केल्यामुळे आटली, हा प्रश्न उरतोच.

[दृश्य : परीक्षा विभाग, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बारकोडचे स्टिकर]

पैसा येतो कुठून? विद्यापीठाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे परीक्षा शुल्क आणि महाविद्यालयांकडून येणारं संलग्नता शुल्क, म्हणजे विद्यापीठाशी जोडलेलं राहण्याची फी. संगमनेरच्या, मालेगावच्या, जुन्नरच्या महाविद्यालयात बसून परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगी या इमारतीचा खर्च उचलत असते. तिने गणेशखिंड कधी पाहिलेलीही नसेल.

तिची एक उत्तरपत्रिका घ्या. ती आधी छापावी लागते. महाविद्यालयांपर्यंत पोचवावी लागते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचं मानधन, वर्गात पहारा देणाऱ्या पर्यवेक्षकाचं मानधन, भरारी पथकाचा प्रवास. पेपर झाला की गठ्ठा बांधून कॅप सेंटरला, म्हणजे मूल्यमापन केंद्राला जातो. तिथे तपासनिसाचं मानधन, त्याची तपासणी पडताळणाऱ्या नियामकाचं मानधन, चहापाणी, प्रवासभत्ता. मग गुणांची नोंद, निकाल, गुणपत्रिकेची छपाई, आणि कुणी फेरतपासणी मागितली तर पुन्हा तोच फेरा. यातल्या जवळपास प्रत्येक पायरीला अंदाजपत्रकात जागा लागते. तपासनिसांची बिलं महिनोन् महिने अडकली, तर पुढच्या सत्रात अनुभवी शिक्षक कॅपला यायला नाखूश असतात. मग निकाल लांबतो, आणि पुढच्या प्रवेशाची तारीख हुकते ती त्या मुलीची. एका लेखाशीर्षातली दिरंगाई इतक्या दूरवर जाऊन लागते.

आणि हा उत्पन्नाचा आधारच आता सरकतो आहे. मोठी, जुनी महाविद्यालयं स्वायत्त होत आहेत. स्वायत्त महाविद्यालय आपली परीक्षा आपण घेतं, त्यामुळे परीक्षा शुल्काचा ओघही तिकडेच वळतो. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आपलं सीओईपी, २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठच झालं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर सांगतं की संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची. म्हणजे ज्या खांबावर इथला डोलारा उभा आहे, तो काढायचं देशाच्या पातळीवर ठरलेलं आहे. त्या जागी दुसरा कुठला खांब उभा राहणार, याचं उत्तर एका वर्षाच्या अंदाजपत्रकात सापडणार नाही.

[दृश्य : एका विभागाचा दर्शनी फलक, शिक्षकांच्या नावांच्या पाट्या, मधल्या काही रिकाम्या]

आता खर्चाकडे. मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार राज्य शासन देतं. त्यामुळे पद मंजूर असणं आणि ते भरायला परवानगी मिळणं, या दोन्ही किल्ल्या मंत्रालयात. विद्यापीठाने जाहिरात काढायची तरी आधी फाइल मुंबईला जाते. करोनाच्या पहिल्या लाटेत, ४ मे २०२० रोजी, वित्त विभागाने खर्चकपातीचा शासन निर्णय काढला आणि नवी भरती थांबवली. प्राध्यापक मात्र निवृत्त होत राहिले. वय थोडंच थांबतं?

विभागात शिकवायला माणूस तर हवा. मग विद्यापीठ स्वनिधीतून कंत्राटी शिक्षक नेमतं. अकरा महिन्यांची नेमणूक. दर वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. ज्या पदाचा पगार शासनाने द्यायचा, त्याची सोय मुलांच्या शुल्कातून होते. आणि असा शिक्षक जीव ओतून शिकवत असला, तरी पाच वर्षांचा संशोधन प्रकल्प तो कोणत्या भरवशावर हाती घेणार? पीएच.डी.ची मुलं कोणाकडे नोंदणी करणार?

याचं प्रतिबिंब बाहेरही पडतं. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात पुणे विद्यापीठ २०२४ साली २३व्या स्थानी होतं, २०२५ साली ते ५६व्या स्थानी गेलं. क्रमवारीच्या निकषांबद्दल मतभेद असू शकतात, पण विद्यार्थ्यांमागे कायम शिक्षक किती, हा त्यातला एक निकष आहे, आणि त्या आकड्याला पळवाट नसते. रिकाम्या पाट्या तिथे मोजल्या जातात.

[दृश्य : तीन जिल्ह्यांचा नकाशा, त्यावर ठिपके उमटत जातात]

अंदाजपत्रक एका वर्षाचं. लांबचं पाहायला कायद्याने दुसरा दस्तऐवज सांगितला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. राज्य पातळीवर त्याला मान्यता देणारा आयोग आहे माहेड, म्हणजे महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग, मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष. कोणत्या तालुक्यात नवं महाविद्यालय हवं, कुठे कोणती शाखा नाही, याचे बिंदू, म्हणजे ठिकाणं, आराखड्यात ठरतात. बिंदू असेल तिथेच संस्थेला प्रस्ताव देता येतो, मग इरादापत्र, मग अंतिम मान्यता.

काम महत्त्वाचं आहे. पण व्यवहारात या आराखड्यावरची सगळी चर्चा नव्या महाविद्यालयांच्या बिंदूंपाशी अडकते. पुढच्या पाच वर्षांत विद्यापीठाचे कोणते प्राध्यापक निवृत्त होणार, कोणती महाविद्यालयं स्वायत्त होणार, परीक्षा शुल्क किती घटणार, वसतिगृहाच्या किती खोल्या वाढवाव्या लागणार, याचा हिशोब आराखड्याच्या शेजारी मांडून त्यातून दर वर्षीचं अंदाजपत्रक काढलं, तरच त्याला नियोजन म्हणता येईल. आराखडा करणारे हात वेगळे आणि अंदाजपत्रक करणारे हात वेगळे. दोन्हींची सांगड घालण्याचं काम आम्हाला या साऱ्या कारभारात सगळ्यांत निकडीचं वाटतं.

सांगड नसली की काय होतं, ते उपकेंद्रांनी दाखवलं आहे. नाशिकच्या मुलांना एका दाखल्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागू नयेत म्हणून शिवनईला, आणि अहिल्यानगरच्या मुलांसाठी बाबुर्डी घुमटला उपकेंद्राची जागा ठरली. जागा हाती आल्यापासून इमारत उभी राहीपर्यंत अंदाजपत्रकांमागून अंदाजपत्रकं गेली. तेवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या, सकाळची एसटी पकडून, संध्याकाळी परत.

हे विद्यापीठ पूर्वी याहून मोठं होतं. स्थापनेच्या वेळी बारा जिल्हे. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पाच जिल्हे उरले. १९९० साली जळगाव आणि धुळे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात गेले. तेव्हा अंतर कमी करायला नवी विद्यापीठं काढली होती, आता ते काम उपकेंद्रांवर आहे.

[दृश्य : अधिसभेची बैठक, हात वर केलेले सदस्य, व्यासपीठावर वित्त व लेखा अधिकारी कागद चाळताना]

विभागांकडून मागण्या येतात, वित्त व लेखा समिती त्या तपासते, व्यवस्थापन परिषद मान्यता देते आणि मग अंदाजपत्रक अधिसभेपुढे येतं. इथे सदस्य कपात सूचना मांडू शकतात. अमुक लेखाशीर्षाची तरतूद कमी करा, तमुक वाढवा. हे आयुध नीट वापरलं तर फार धारदार आहे. 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजने'तल्या मुलांना तासाला किती पैसे मिळावेत, ही चर्चा याच सभागृहात व्हायची असते. ही मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करून मेसचं बिल भागवतात. त्यांच्या तासाचा दर हा आमच्या मते अख्ख्या पुस्तिकेतल्या सर्वांत महत्त्वाच्या आकड्यांपैकी एक आहे, आणि भाषणं लांबली की नेमका तोच चर्चेविना मंजूर होऊन जातो.

अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. या विद्यापीठात त्यांची मागची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, मुदत पाच वर्षांची. मतदान करायचं तर पदवीधर म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं, नुसती पदवी असून चालत नाही. पदवी प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावलेल्या हजारो जणांनी ही नोंदणी केलेली नाही. पुढच्या निवडणुकीसाठी नोंदणीची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येईल. अंदाजपत्रकही तिथेच असतं. उमेदवार मत मागायला आला की ते उघडून त्याच्यापुढे धरा आणि विचारा, प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचलात का?