पऱ्हाटी अर्धीच सापडली

राम राम मंडळी. आज कॉम्प्युटरची गोष्ट सांगतो, पण रेडिओ बंद करू नका, तिच्यातही कपाशी, म्हणजे आपली पऱ्हाटी आहेच.

झालं असं, वावराच्या हिशोबासाठी मी एक फुकटचं अ‍ॅप वापरतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा, बदलावा. फवारणी, खत, निंदणाची मजुरी सगळं त्यात टाकतो. मागच्या हंगामात त्यात 'पऱ्हाटी' शोधलं तर अर्ध्याच नोंदी आल्या, मोबाईलवर लिहिलेल्या दिसत होत्या आणि लॅपटॉपवरच्या गायब! दोन रात्री डोकं खाजवलं तेव्हा कळलं की पऱ्हाटीतला तो ऱ कॉम्प्युटरात दोन तऱ्हेनं साठवता येतो, एक तर अखंड ऱ, नाहीतर साधा र आणि त्याच्याखाली वेगळं टिंब. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द. उपाय युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरात अक्षरं साठवायच्या जगभरच्या पद्धतीत, आधीच आहे, शोधायच्या आधी दोन्ही एकाच साच्यात आणायचे, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. एका ओळीचं काम, बाप्पा!

आता सांगा, परदेशात बसून अ‍ॅप बनवणाऱ्याला ही चूक कधी दिसली असती? त्याच्याकडे कुठली आली पऱ्हाटी. म्हणून म्हणतो, आपल्या पोट्ट्यांनी यात हात घालावा, कारण मराठीतली गडबड मराठी लिहिणाऱ्यालाच टोचते.

मी ती ओळ पाठवली. कशी, तर प्रोजेक्टची आपल्यापुरती कॉपी काढायची, तिच्यात दुरुस्ती करायची आणि मूळवाल्यांना म्हणायचं बघा, घेता का, यालाच पुल रिक्वेस्ट म्हणतात. चार दिवसांनी उत्तर आलं, चांगलं आहे पण टेस्ट, म्हणजे दुरुस्ती खरंच चालते का ते तपासणारा छोटा कोड, लिहून द्या. मला रागच आला, एक तर फुकट काम करा अन् वरून टेस्टही द्या! पण टेस्ट लिहायला बसलो तर दिसलं की माझी दुरुस्ती फक्त नव्या नोंदींवर चालत होती, जुन्या तशाच. त्या माणसाचं बरोबर होतं, आणि तोही बिचारा नोकरी करून रात्रीच बसतो.

पोट्टे म्हणतात, दादा, आम्हाला एवढं कोडिंग कुठं येतं. अरे, आपल्या वरुडात २०१६ साली वॉटर कपला, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेला, लोकांनी टिकास-फावडी उचलली तेव्हा डिग्री कोणी विचारली होती? आधी ट्रेनिंग झालं, मग खोदकाम. इथंही मदत कशी करायची ते सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल असते ती आधी वाचा, 'गुड फर्स्ट इश्यू' लिहिलेलं सोपं काम धरा, नाहीतर मेनूतलं चुकीचं मराठी सुधारा, तेही चालतं.

पैसे भेटतात का? बहुतेक ठिकाणी नाही, खोटं काहून बोलू. गूगल समर ऑफ कोड नावाचा ओपन सोर्स शिकवणारा कार्यक्रम आहे, २००५ पासून, त्यात मानधन देतात आणि आता १८ वर्षांवरचे नवशिकेही चालतात, कॉलेजात असायलाच पाहिजे असं नाही. पण निवड व्हावी लागते.

माझी ओळ शेवटी अ‍ॅपमध्ये आली. शेजारच्या काकांनी अपडेट केलं, पऱ्हाटी शोधली, सगळ्या नोंदी एकदम समोर. बराच वेळ स्क्रीनकडं पाहत बसले, मग म्हणाले, काहून दुरुस्त केलं रे बावा, अर्धाच खर्च दिसत होता तेच बरं होतं.